चेअरमनबाईंचा टेबलक्लॉथ

हॉटेलची खोली सकाळी सोडायची आणि गाडी संध्याकाळची. या मधल्या वेळाचं आणि हातातल्या सामानाचं काय करायचं, हा प्रश्न प्रवासाला निघालेल्या मध्यमवर्गीय माणसाला देवानं मुद्दाम घालून दिलेला आहे. साधी माणसं स्टेशनवर जातात आणि आपल्याच बॅगांवर बसून राहतात. चेअरमन साधे नव्हते. ते फार पूर्वी, एकाच मुदतीपुरते, आपल्या सोसायटीचे चेअरमन झाले होते. पाण्याच्या टाकीवरून भांडण होऊन ती चेअरमनकी गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोला त्यामुळे सगळे चेअरमनबाई म्हणत. नवऱ्याचं पद गेलं तरी बायकोचं जात नाही, अशी सोसायट्यांची रीतच असते.

चेअरमननी हा सामानाचा प्रश्न आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच सल्ल्यांचा पाऊस पडला. तळमजल्यावरच्या वकिलांनी कळवलं की स्टेशनवर सामान अजिबात ठेवू नका, त्यांच्या मेहुण्याची बॅग तशी गेली होती आणि मेहुणा अजून त्यांनाच जबाबदार धरतो. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हॉटेलवाल्याकडे ठेवू नका, ढेकूण शिरतात. सेक्रेटरींनी नुसता एक अंगठा पाठवला. तो वकिलांना होता की ढेकणांना, हे शेवटपर्यंत कळलं नाही. अखेर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तोडगा काढला: शोभेच्या वस्तूंचं संग्रहालय. सामान ठेवायची सोय, बसायला बाकं, स्वच्छ संडास, आणि चार शहाणी माणसं दिसतात ते वेगळंच.

"शोभेच्या वस्तूंचं म्हणजे काय असतं तिथे?" बाईंनी विचारलं.

"पलंग, पडदे, फुलदाण्या, कपबश्या. मोठ्या लोकांच्या घरातलं सामान," चेअरमन म्हणाले.

"म्हणजे आपलं सामान ठेवायचं आणि त्यांचं बघत हिंडायचं."

"तुला कलेतलं कळतं म्हणून तर नेतोय," चेअरमन म्हणाले, आणि बाईंनी नेहमीप्रमाणे विषय बदलला.

हा विषय का बदलावा लागे, ते सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं सगळं विनाकारण वाटेल. चेअरमनच्या मोठ्या बॅगेत तळाशी एक टेबलक्लॉथ होता. पांढऱ्या जाड कापडावर कडेकडेनं वेल, वेलीवर निळे पक्षी, सगळं हाताचं भरतकाम. मुलाचं लग्न ठरलं होतं, संध्याकाळच्या गाडीनं मुलीच्या गावी जायचं होतं, आणि होणाऱ्या सुनेला सासूच्या हातची वस्तू द्यायची म्हणून चेअरमननी तो स्वतः घडी घालून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बरोबर घेतला होता. आणि गोम अशी होती की बाईंनी त्यात एक टाका घातलेला नव्हता.

चेअरमनकडची मंडळी पहिल्यांदा बाईंच्या माहेरी सोयरीक बोलायला आली, तेव्हा तो टेबलावर अंथरलेला होता. होणाऱ्या सासूबाईंनी त्यावरून बोट फिरवून विचारलं, "हे कुणी केलं?" बाई तोंड उघडणार इतक्यात त्यांची मोठी बहीण, म्हणजे ताई, मागून म्हणाली, "हिनंच." बाईंनी मान खाली घातली. ती लाजेनं घातली असं सगळ्यांना वाटलं आणि लग्न ठरलं. रात्री ताई म्हणाली, "मी जीव ओतून केलेला आहे तो, पण तुझ्यासाठी सोडला. विसरू नकोस." बाईंना विसरायची सोयच नव्हती. ताईच्या सासूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती सासू बाईंकडे येऊन राहिली, ताईचा मुलगा शिकायला बाईंकडे राहिला, ताईचा कुत्रासुद्धा एका उन्हाळ्यात बाईंकडे राहिला. बाईंनी जरा कां कूं केलं की ताई फोनवर मऊ आवाजात विचारायची, "टेबलक्लॉथ बरा आहे ना गं?"

लग्नानंतर सासूबाईंनी हौसेनं नवं कापड आणि रंगीत दोरे आणून दिले, तेव्हा बाईंनी डोळे दुखायला लावले. डॉक्टरांनी बारीक काम बंद सांगितलंय, असं ठरलं. तेव्हापासून त्या घरात नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं की बाई तो भाजीच्या पिशवीत लपवून टेलरकडे नेत आणि संध्याकाळी स्वतः लावल्यासारखा परत आणत. चेअरमन कळवळून म्हणत, "डोळे फोडून घेऊ नकोस माझ्या बटणापायी." त्या वेळी बाई चष्म्याशिवाय पेपरातलं बारीक अक्षर वाचत असत, पण पुरुषांना एका वेळी एकच गोष्ट दिसते.

एवढं करून गुपित टिकवायचं कारण भीती नव्हतं, निदान आता राहिलं नव्हतं. चेअरमनकी गेल्यापासून त्या माणसाकडे मिरवायला दुसरं काही उरलं नव्हतं. घरी वीजमीटर बघायला आलेल्या माणसालाही ते टेबलक्लॉथ दाखवत. त्यात कोपऱ्यावरचा एक पक्षी बाकीच्यांसारखा पुढे न बघता मान वळवून मागे बघतो. "हा मी," चेअरमन सांगत. "बघायला गेलो होतो ना, निघताना दारात मागे वळून पाहिलं. हिनं ते टिपलं आणि तो शेवटचा पक्षी असा भरला." टेबलक्लॉथ त्या दिवशी आधीच पुरा होऊन अंथरलेला होता, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही आणि बाईंनी येऊ दिलं नाही. दरवेळी त्या स्वयंपाकघरात निघून जात आणि तिथे उगीच नळ सोडून उभ्या राहत.

तर अशी ही जोडी एका मोठ्या, थंडगार, दगडी इमारतीच्या पायऱ्या बॅगांसकट चढली. सामानाच्या खिडकीवर एक गार्ड होता. त्यानं बॅगेकडे पाहून विचारलं, "आत कापड आहे?"

"कपडे आहेत," चेअरमन म्हणाले.

"कपडे चालतात. कापड चालत नाही."

"फरक काय?"

"अंगात घालायचे ते कपडे. अंथरायचं, पांघरायचं, टांगायचं ते कापड. त्यात कसर असते. आत जुने पडदे आहेत, जाजमं आहेत. एक कसर आत गेली तर महिन्याभरात चाळण होते."

आमच्या घरात कसर, हे शब्द चेअरमनना झोंबले. माणसानं गप्प बॅग ठेवून आत जावं की नाही? पण अपमान झाला की चेअरमनना पुरावा सादर करावासा वाटतो. त्यांनी तिथेच बॅग उघडली, दोन बनियनं आणि औषधांचा डबा बाजूला काढून ठेवला, आणि प्लॅस्टिक सोडून टेबलक्लॉथ खिडकीवर पसरला. "दाखवा कसर," ते म्हणाले. मागे रांगेत उभी असलेली माणसं पुढे सरकून बघू लागली. त्यांतली एक बाई औषधांचा डबाही बघत होती.

गार्ड टेबलक्लॉथकडे बघतच राहिला. "हे विकतचं आहे की हाताचं?"

"विकतचं," बाई झटकन म्हणाल्या. इतक्या वर्षांत सुटकेची अशी फट पहिल्यांदाच दिसली होती.

"विकतचं? अगं काय बोलतेस?" चेअरमन त्यांच्याकडे बघून हसले आणि गार्डकडे वळले. "लाजते हो. सगळं हिच्या हातचं आहे. एकेक टाका."

"मग हे सामान होत नाही," गार्ड म्हणाला. "ही वस्तू झाली."

वस्तूचा नियम वेगळा होता. हाताची कलाकुसर नोंद न करता इमारतीत गेली, तर ती बाहेर नेता येत नाही, कारण संध्याकाळी दारावरच्या माणसाला ती आतलीच वाटणार. म्हणून आधी वस्त्रविभागात नेऊन दाखवायची. तिथे कसर नाही हे बघतात, काय आहे, कुणी केलं, हे लिहून घेतात, आणि मग ती परत मिळते. बाई म्हणाल्या, "राहू द्या, आपण स्टेशनवरच बसू." चेअरमन म्हणाले, "अगं, त्यांनी वस्तू म्हटलंय." हे ते अशा आवाजात म्हणाले की बाईंना पुढे बोलवेना.

वस्त्रविभाग इमारतीच्या पार मागच्या टोकाला होता, त्यामुळे संग्रहालय आयतंच बघून झालं. एका दालनात नुसत्या खुर्च्या होत्या. मुख्याध्यापकांनी सांगितलेली ऐसपैस बाकंही तिथेच होती, पण दोरीच्या पलीकडे, आणि त्यांवर कुणीतरी सरदार बसून गेले होते. पुढच्या दालनात चांदीची चहादाणी, चिनी मातीच्या बश्या, आणि एक पलंग, ज्याला पडदे इतके होते की आत माणूस आहे की नाही हे नोकरांना विचारूनच कळत असावं. चेअरमन प्रत्येक गोष्टीपुढे थांबून म्हणत, "आपला टेबलक्लॉथ इथे शोभला असता." बाईंना त्या वस्तूंकडे मान वर करून बघवेना. इतक्या सगळ्या खऱ्या गोष्टींमधून आपणच तेवढ्या खोट्या चाललो आहोत, असं त्यांना वाटलं.

वस्त्रविभागातल्या क्युरेटरबाई चुणचुणीत होत्या. केस आखूड, हातात सुती मोजे, कपाळावर चढवलेलं भिंग. त्यांनी टेबलक्लॉथ हातात घेतला आणि सरळ उलटा केला. चेअरमन घाईनं म्हणाले, "वरची बाजू ती नाही."

"वरची कुणीही चांगली करतं," क्युरेटरबाई म्हणाल्या. "काम पाठीवर कळतं." त्या भिंग लावून बराच वेळ पाठ बघत राहिल्या. मग त्यांनी शेजारच्या खोलीतल्या दोघींना हाक मारली आणि तिघी मिळून बघू लागल्या. कुठे गाठ नव्हती. दोऱ्याचं टोक कुठे संपतं ते दिसत नव्हतं. मागची बाजू पुढे केली असती तरी चाललं असतं.

"मॅडम, तुम्ही दोरा कुठे लपवलात?" क्युरेटरबाईंनी विचारलं.

"आत," बाई म्हणाल्या.

हे उत्तर इतकं त्रोटक होतं की तिघींना ते फार खोल वाटलं. एकीनं तर मान डोलावली. चेअरमननी संधी साधून पक्ष्याची गोष्ट सांगितली, दारातल्या मागे वळण्यासकट, आणि स्वतः वळूनही दाखवलं. क्युरेटरबाईंनी ती नीट ऐकून घेतली. बाईंना मात्र खोलीत नळ कुठे दिसेना.

"कसर वगैरे काही नाही," क्युरेटरबाई म्हणाल्या. "नोंद करते आणि देते तुम्हाला. पण एक विनंती आहे. आज खाली दालनात पाहुण्यांसाठी भरतकामाचा वर्ग आहे. हौशी लोक येतात, आम्ही चार टाके शिकवतो. तुम्ही आहातच, तर हा पाठीचा टाका एकदा दाखवाल? अगदी थोडा वेळ."

"डॉक्टरांनी डोळ्यांना—" बाई म्हणाल्या.

"दाखवेल की," त्याच वेळी चेअरमन म्हणाले.

"डोळ्यांची काळजी नको. आमच्याकडे भिंगाचा दिवा आहे. त्याच्याखाली मुंगीची मिशी दिसते."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. कित्येक वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर असं काही पाहिलं नव्हतं. सर्वसाधारण सभेत एकमतानं निवड झाली त्या दिवशी तो असा दिसला होता. आत्ता खरं सांगावं, असं बाईंच्या जिभेवर आलं. या तीन बायकांसमोर, इतक्या लांब आलेल्या, नीट भांग पाडलेल्या या माणसाला काय सांगायचं? त्यांनी मनाशी ठरवलं की निभेल. सुई दोरा काय, सगळ्याच बायका हातात धरतात.

खालच्या दालनात खुर्च्या मांडलेल्या होत्या, पुढे एक ठेंगणा मंच, आणि मंचावर तो दिवा. बाईंना थंडी वाजत होती म्हणून त्यांनी स्वेटर चढवला होता, त्याच्या बाह्या लांब होत्या. लाकडी गोल चौकटीत ताणलेलं सरावाचं कापड त्यांच्या हाती आलं. टेबलक्लॉथ शेजारी मांडून ठेवला होता. क्युरेटरबाईंनी ओळख करून दिली, त्यात "दुर्मीळ" हा शब्द दोनदा आला. चेअरमन पहिल्या रांगेत बसून फोनवर चित्रण करत होते, ते सोसायटीच्या ग्रुपवर जाणार हे उघड होतं.

सुईत दोरा ओवायलाच बाईंना इतका वेळ लागला की मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं. "डोळे," चेअरमन वळून सगळ्यांना सांगत होते, "या कामात गेलेत." शेवटी दोरा गेला. बाईंनी गाठ मारली. समोरची एक हौशी बाई म्हणाली, "गाठ मारायची नाही ना पण?" बाईंनी गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती बसली घट्ट. मग त्यांनी देवाचं नाव घेऊन सुई खुपसली, खालून ओढली, वर खुपसली, बोटात टोचली, बोट तोंडात घालावंसं वाटलं पण भिंगाखाली ते कसं दिसेल म्हणून तसंच ठेवलं, आणि भराभर टाके घालत सुटल्या. थांबलं की कुणीतरी काहीतरी विचारेल, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

"वा," चेअरमन म्हणाले. "बघा, हात कसा चालतो."

बाई उठून उभ्या राहिल्या, तेव्हा चौकटही उठली. ती त्यांच्या डाव्या बाहीला पक्की शिवली गेली होती. त्यांनी हात खाली घेतला तशी ती लोंबकळली, झटकला तशी दिव्यावर आपटली. दालनात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे जण अतिशय सभ्यपणे त्या चौकटीकडे बघत राहिले.

"नवीन पद्धत असेल," चेअरमन बारीक आवाजात म्हणाले. फोन अजून त्यांच्या हातात होता, पण आता तो जमिनीचं चित्रण करत होता.

बाईंचे कान तापले. नवरा अजून आपली बाजू सावरतोय, या एका गोष्टीनं त्यांना रडूच कोसळायचं बाकी राहिलं. त्या चौकट पोटाशी धरून म्हणाल्या, "हे मी केलेलं नाही. मला बटणसुद्धा लावता येत नाही. हे आमच्या ताईनं केलंय. मी आजवर खोटं बोलले."

क्युरेटरबाई मोठ्या मनाच्या. त्यांनी लोकांना दुसऱ्या टेबलाकडे नेऊन बसवलं आणि परत येऊन निमूट बाहीचे टाके कापायला घेतले. चेअरमन मंचाच्या कडेला येऊन उभे राहिले. ते ओरडतील असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी इतकंच विचारलं, "मग तो पक्षी?"

शेवटी क्युरेटरबाईंनीच कात्री चालवता चालवता सांगितलं, "वेल कोपऱ्यावर वळवताना एक पक्षी मागे बघणारा घ्यावा लागतो. नाहीतर दोन बाजू जुळत नाहीत. चारही कोपऱ्यांवर आहेत तसे." चेअरमन टेबलक्लॉथपाशी गेले आणि चारही कोपरे एकेक करून बघून आले. आजवर त्यांनी एकच कोपरा बघितला होता. बाईंनी तर तोही नीट बघितला नव्हता.

"डोळ्यांचं?" त्यांनी येऊन विचारलं.

"डोळे चांगले आहेत," बाई म्हणाल्या.

"बटणं?"

"टेलर."

चेअरमन बसले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिडले असते, सासूबाईंचं नाव काढलं असतं, तर उलटून दोन शब्द बोलता आले असते. पण ते आपल्या शर्टाच्या बटणांकडे बघत बसले, आणि एक बटण त्यांनी बोटानं हळूच हलवून बघितलं.

"नोंदीत मात्र मी खरं नाव घालीन," क्युरेटरबाई म्हणाल्या. "ताई आहेत ना? मला त्यांच्याशी बोलायचंय. असं काम करणारं माणूस मी अजून बघितलेलं नाही."

बाईंनी फोन लावला. ताईचं श्रेय ताईला मिळेल, एवढं तरी आज आपल्या हातून होऊ दे, असं त्यांना मनापासून वाटलं. फोन चेअरमननी घेऊन स्पीकरवर टाकला. त्यांना तशी सवय होती, आणि आज त्यांना अडवायचा हक्क बाईंना उरला नव्हता.

"ताई, यांना कळलंय," बाई म्हणाल्या. "टेबलक्लॉथ तुझा आहे म्हणून."

"बरं झालं," ताई म्हणाली. "माझ्या मनावरचं ओझं उतरलं. इतकी वर्षं तुझ्यासाठी गप्प बसले हो मी."

क्युरेटरबाई पुढे झुकल्या. "ताई, नमस्कार. मी संग्रहालयातून बोलतेय. तुमचं काम बघून थक्क झालोत आम्ही. एकच सांगा, पाठीला दोऱ्याची टोकं कशी घेतलीत?"

"फार जुनं झालं ते," ताई म्हणाली.

"अंदाजानं सांगा."

"आता बारीक काम बंद केलंय मी. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय."

बाईंनी मान वर केली. ही सबब त्यांच्या घरची होती. तिचा उंबरठा न् उंबरठा त्यांना माहीत होता, आणि ती कुठल्या सुरात सांगायची तेही.

"ताई," त्या म्हणाल्या, "कुणी केलाय तो?"

"म्हणजे काय?"

"ताई. तुझ्या सासूचं ऑपरेशन मी काढलंय. कुत्रा सांभाळलाय. कुणी केलाय?"

"खालच्या काकूंनी," ताई म्हणाली. एकदा बोलू लागली तशी मग ती थांबेना. "ते लोक येणार होते, टेबल आपलं फुटकं, आईचा जीव वर-खाली होत होता. काकूंच्या दोरीवर वाळत होता. मी जाऊन म्हटलं, संध्याकाळपर्यंत द्या. त्यांनी ओलसर होता तर इस्त्री करून दिला. मग तुझ्या सासूबाईंना आवडला, लग्न ठरलं, तो तुझ्याबरोबर द्यावा लागला. परत करायचा राहूनच गेला."

"काही बोलल्या नाहीत त्या?"

"मी सांगितलं त्यांना, असं असं झालं म्हणून. म्हणाल्या, राहू दे, पोरीचं जमलं ना."

बाईंना लग्नाचा दिवस आठवला. देण्याघेण्याचं सामान पलंगावर मांडलं होतं, सगळ्यात वर तो टेबलक्लॉथ. खालच्या काकू वर आल्या, त्यांनी घडीवरून हात फिरवला, एका जागी बोट ठेवून थोडं थांबल्या, आणि दुसऱ्या हातातलं शेवंतीचं फूल बाईंच्या केसात खोचून खाली गेल्या. काकू किंमत अजमावताहेत, असं बाईंना तेव्हा वाटलं होतं. एवढंच नाही, राग आला होता थोडा.

"त्यांचं नाव सांगा," क्युरेटरबाई म्हणाल्या. त्यांनी पेन काढलं होतं.

"नाव," ताई म्हणाली. "खालच्या काकू म्हणायचो आम्ही. अगं, तुला आठवतंय का गं?"

बाईंना सगळं आठवत होतं. काकू खिडकीत बसायच्या ती उशी, चष्म्याची एका बाजूला दोऱ्यानं बांधलेली काडी, जिन्यातून पोरं धावली की "हळू" म्हणायचा आवाज, मांडीवरच्या कापडाखालून येणारी सुई. शाळेतून आल्यावर आई घरात नसली की बाई त्यांच्याकडेच पाणी प्यायच्या. पाणी प्यायच्या आणि निघून यायच्या. नाव त्यांना आठवेना, कारण ते त्यांना कधी माहीतच नव्हतं.

"दारावर पाटी असेल," चेअरमन इतक्या वेळानं प्रथमच बोलले. त्यांच्या काळात त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या पाट्या एका मापाच्या करून घेतल्या होत्या.

"पाटीवर काकांचं नाव होतं. काका गेल्यावर काकू खोली सोडून गेल्या, पाटीही गेली," बाई म्हणाल्या. काकांचं नाव त्यांना आडनावासकट पाठ होतं.

ताईनं फोन कधी ठेवला ते कळलं नाही. क्युरेटरबाई नोंदीचा कागद पुढे ओढत म्हणाल्या, "असं पुष्कळदा होतं. आम्ही 'कारागीर अज्ञात' लिहितो."

"अज्ञात कशा?" बाई म्हणाल्या. "रोज दिसायच्या त्या. अज्ञात नका लिहू. नाव विचारलं नाही, असं लिहा."

क्युरेटरबाईंनी बाईंकडे पाहिलं, मग मान खाली घालून तसंच लिहिलं. मालक म्हणून काय लिहायचं, तेही त्यांनी विचारलं. बाईंनी टेबलक्लॉथची घडी घातली, पहिल्यांदाच पाठीची बाजू नीट बघून घातली, आणि तो टेबलावर त्यांच्याकडे सरकवला. म्हणाल्या, आमचा नाही, आम्ही संध्याकाळपर्यंत मागून आणला होता.

बाहेर येऊन त्यांनी खिडकीवरून बॅगा घेतल्या. गार्डनं काही विचारलं नाही. चेअरमननी दोन्ही बॅगा स्वतःच उचलल्या आणि पायऱ्या उतरताना ग्रुपवर आलेले निरोप न बघता फोन खिशात टाकला. सुनेला आता काय द्यायचं, हा प्रश्न दोघांपैकी कुणीच काढला नाही. रस्त्यावर आल्यावर थोडं चालून झालं, तेव्हा चेअरमन थांबले.

"काका गेल्यावर त्या कुठे राहायला गेल्या?" त्यांनी विचारलं.

तेही बाईंना माहीत नव्हतं.